बाटली किती दिवसांत सरली?

सकाळी सहा

एप्रिलच्या शेवटी वर्ध्यात सकाळ सहा ते आठ एवढीच असते. त्यापुढे ऊन. फोनची कामं मी याच वेळात उरकते.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. डॉक्टर नव्हे. चष्म्याचे नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून पुढे पाठवणं, शाळा तपासणं, हे माझं काम. काचबिंदूचं निदान आणि औषध सेवाग्रामचे नाहीतर सावंगीचे नेत्रतज्ज्ञ ठरवतात. पण निदान एकदाच होतं. थेंब जन्मभर टाकायचे असतात, तेही घरी, कुणी बघत नसताना. ती बाजू शिकवायला जवळपासचं माणूस लागतं आणि ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. कुठल्याही आदेशात ते लिहिलेलं नाही.

टिमोलॉल हे काचबिंदूचं औषध दिवसातून दोनदा असतं. सकाळचा थेंब चहाच्या आधी, असं मी सगळ्यांना बांधून देते. घड्याळ चुकेल, चहा चुकत नाही. फोन बहुतेक नातवाकडे असतो. "आजीनं टाकला का रे?" म्हटलं की तो झोपेतच "हाव मॅडम" म्हणतो. मग मी आजीलाच फोन द्यायला सांगते. आजी सांगते, "चहा त झाला माय, थेंब राहिला." हे उत्तर मला आवडतं. खरं असतं.

साडेआठ

आज गावचा आठवडी बाजार, त्यामुळे ओपीडीला गर्दी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. भाजी विकायला आलेला माणूस मधल्या वेळात "डोळे दाखवून घेतो" म्हणून येतो. त्यातल्या बहुतेकांना चष्मा हवा असतो किंवा मोतीबिंदू पिकला का ते विचारायचं असतं.

देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याचं बळ मोतीबिंदूवर लागलं. ते बरोबरही होतं, कारण मोतीबिंदूचा आंधळा माणूस ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पाहू लागतो. शिवाय ऑपरेशनं मोजता येतात. महिन्याच्या अहवालात त्यांचा रकाना आहे. एखाद्या म्हाताऱ्याला थेंब नीट टाकायला शिकवलं, याला रकाना नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, पण ज्याला रकाना नसतो ते काम उद्यावर जातं, हे कोणत्याही ऑफिसात बसलेल्याला ठाऊक आहे.

रांगेतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यावर मी बाजूने टॉर्च मारते. कानाच्या बाजूने आडवा उजेड टाकला की बुबुळ सगळं सारखं उजळायला हवं. नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडली तर आतली जागा अरुंद आहे असं समजायचं. अशा डोळ्यात प्रेशर एकदम चढू शकतं: डोळा लाल, डोकं फुटेल इतकं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. गावात याला पित्त समजून दोन दिवस घरी काढतात आणि तेवढ्यात डोळ्याची नस जाते. टॉर्चची तपासणी काही पक्की नाही, पण तिला खर्च नाही आणि अर्धा मिनिट लागतं. सावली दिसली की मी बाहुली मोठी करायचं औषध टाकत नाही, थेट चिठ्ठी देते.

साडेनऊ

प्रेशर मोजायला माझ्याकडे शिऑट्झचं टोनोमीटर आहे. नॉर्वेच्या या डॉक्टरांनी ते १९०५ च्या सुमारास बनवलं. रुग्णाला आडवं करून, डोळा बधिर करून, वजन लावलेली छोटी दांडी बुबुळावर टेकवायची. काटा जितका कमी हलेल तितकं प्रेशर जास्त. साडेपाच ग्रॅमच्या वजनावर काटा पाचवर आला तर १७, तीनवर आला तर २४. साधारण १० ते २१ हे ठीक मानतात. मोठ्या दवाखान्यांत याहून अचूक यंत्रं आली आहेत, पण ती इथे येतील तोवर हे चालतं. हेही मी रुग्णाला सांगून ठेवते की २१ च्या आत असूनही काहींची नस सुकते. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही, डोळ्याच्या मागचा पडदा डॉक्टरांनी बघायलाच हवा.

धाम नदीच्या काठच्या एका गावचे काका आले आहेत. साठी उलटलेली, चार एकर वावर, कपाशी आणि तूर. दोन वर्षांपासून लॅटानोप्रोस्ट, रोज रात्री एक थेंब. आज उजवं २६.

"काका, थेंब टाकता ना रोज?"

"टाकतो न जी. एक दिवस खाडा नाई."

खोटं बोलत नव्हते. मी विचारलं, "बाटली किती दिवसांत सरली?"

"दहा दिवस पुरते. मंग पैसे आले की आनतो."

गणित इथेच उलगडतं. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ऐंशी थेंब असतात. दोन डोळ्यांना रोज एकेक धरला तर महिनाभर पुरून उरते. दहा दिवसांत संपते म्हणजे एकतर थेंब गालावर पडताहेत, नाहीतर एकेका डोळ्यात चार-चार जाताहेत. आणि "मंग पैसे आले की" म्हणजे मधले वीस दिवस काहीच नाही.

"आता माझ्यासमोर टाकून दाखवा," म्हटलं. साध्या पाण्याच्या थेंबांची बाटली मी त्यासाठीच ठेवते. काकांनी उभ्यानेच मान वर केली, बाटली वीतभर उंच धरली, दाबली. पहिला थेंब भुवईवर, दुसरा नाकावर, तिसरा पापणीवर. चौथ्याला बाटलीचं टोक थेट डोळ्याला टेकलं.

हे एकट्या काकांचं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ स्वतः औषध टाकणाऱ्या ७० रुग्णांना डॉक्टरांसमोर थेंब टाकायला लावलं होतं. टोक कुठेही न टेकवता एकच थेंब बरोबर डोळ्यात टाकू शकले ते अवघे ६. २०१२ मध्ये हा अभ्यास छापून आला. तो वाचल्यापासून मी "टाकता का?" हा प्रश्न सोडला आणि "टाकून दाखवा" धरलं. समुपदेशन म्हटलं की आपल्याकडे टेबलापलीकडून बोलणं असं समजतात. काचबिंदूत बोलणं पाच टक्के, बाकी हाताचं काम.

काकांना खाटेवर आडवं केलं. हात धुवा. एका बोटाने खालची पापणी ओढा, खोबण होते. बाटलीचा हात मूठ करून कपाळावर टेकवा, मग तो थरथरत नाही. वर छताकडे बघा. एक थेंब. दुसरा टाकू नका, डोळ्यात मावतच नाही, वाहूनच जातो. आता डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका, आणि नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तिथे बारीक नळी असते, औषध त्यातून नाकात आणि रक्तात जातं, ते अडतं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबून.

पाचव्या वेळी जमलं. काका म्हणाले, "हे पहिले काऊन नाई सांगितलं कोनी?" सांगितलं असणार. नेत्रतज्ज्ञाच्या ओपीडीत दोनशे माणसं असतात, कुणीतरी भराभर सांगितलंच असेल. करून घेतलं नसेल.

साडेदहा

आजचं सगळ्यात अवघड बोलणं एका पन्नाशीच्या ताईंशी. गेल्या महिन्यात सेवाग्रामला निदान झालं. त्या चिडून आल्या आहेत: "इतके थेंब टाकले, इतके पैसे गेले, पन दिसाले काई फरक नाई."

फरक पडणार नाहीच. जी नस सुकली ती परत येत नाही, कोणत्याही औषधाने, कोणत्याही ऑपरेशनने. थेंब उरलेलं राखायला असतात. ही गोष्ट पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे. "बरं वाटेल हं" म्हणून धीर देणारे चांगल्या मनाचे असतात, पण रुग्ण दोन महिन्यांनी थेंब सोडतो तो त्या धीरामुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली शेजारीण त्याला रोज सांगतच असते की मला तर दुसऱ्या दिवशी दिसलं.

ताईंना समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि माझ्या नाकाकडे बघा म्हटलं. मी बाजूने बोटं आत आणत गेले. कुठे दिसली की सांगा. उजव्या बाजूने लगेच "हाव" आलं. नाकाच्या बाजूने बोटं जवळजवळ मध्ये आली तरी गप्प. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. सेवाग्रामला काढलेल्या नजरेच्या फील्डच्या कागदावरचा काळा भाग मी त्यांच्यासमोर ठेवला. "हे गेलं. हे पांढरं आहे ते तुमचं आहे. थेंब या पांढऱ्यासाठी आहेत."

प्रेशर थोडं उतरवून काय होतं, हेही सांगितलं. स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासात दिसलं की प्रेशर एक आकड्याने उतरलं तरी आजार पुढे सरकायचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. टक्के त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळतात, बचतगटाचा हिशोब त्याच ठेवतात. थोडा वेळ कागद बघत राहिल्या. मग विचारलं, "लाल होते डोळा त्या थेंबानं. चालते?" चालतं. पापण्यांचे केस लांब होतात, भोवतीची कातडी काळवंडते, तेही चालतं. पण त्रास फार होत असेल तर औषध बदलून मिळतं. आपल्या मनाने बंद करायचं नाही.

साडेअकरा

एक आजी, दम्याच्या. पिशवीत इनहेलर आणि कुणीतरी "डोळ्याच्या प्रेशरले चांगलं" म्हणून दिलेली टिमोलॉलची बाटली. शेजाऱ्याची! टिमोलॉल दम्याच्या माणसाचा श्वास अडवू शकतं, हृदयाचे ठोके मंद करतं. डोळ्यात टाकलेलं औषध डोळ्यातच राहतं असा समज सगळीकडे आहे, शिकलेल्यांतसुद्धा. बाटली काढून घेतली, प्रेशर मोजलं, चिठ्ठी दिली.

मग बारा-तेरा वर्षांचा मुलगा. उन्हाळा लागला की डोळे खाजतात, चिकट तार येते. बापाने मेडिकलमधून थेंब आणले, आराम पडला, मग दर वेळी तेच. आठ महिने. बाटलीवर स्टेरॉइड. याने प्रेशर चढतं आणि मुलाला काहीच कळत नाही, उलट डोळे पांढरेशुभ्र दिसतात. विदर्भाच्या कोरड्या, धुळीच्या हवेत ही खाज फार, आणि म्हणून हा धोकाही फार. बापाला सांगितलं, चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, असे थेंब मुलाच्या डोळ्यात पुन्हा नको. उद्याच सेवाग्राम. मुलगा काही बोलला नाही, बाप "शेतात वखरनी आहे" म्हणाला. मी म्हटलं, वखरणी परवा.

दुपारी एक

डबा. भाकर, वांग्याची भाजी. पंखा.

दोन ते चार

आशा स्वयंसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, यांच्याबरोबर जवळच्या गावात. ऊन ४४ च्या आसपास, पण या वेळी माणसं घरात सापडतात.

घरोघर जाऊन आजार शोधायचं हे काम वर्धा जिल्ह्याला नवं नाही. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. पुढे १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन इथे उभं राहिलं आणि त्याने गावोगाव घरटी पाहणी, लोकशिक्षण आणि घराजवळ उपचार अशी त्रिसूत्री रूढ केली. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने तीच उचलली. तेव्हाची अडचणही आमच्यासारखीच होती: चट्टा दुखत नाही, खाजत नाही, मग वर्षानुवर्षं गोळ्या कशाला? त्या कार्यकर्त्यांनी दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहिली नाही. काचबिंदूबाबत अजून सगळा देश वाटच पाहतो आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढचे १ कोटीहून जास्त लोक काचबिंदूचे आहेत, आणि बहुतेकांना ते माहीत नाही.

सगळं गाव तपासणं मला शक्य नाही. म्हणून मी ओळखीच्या रुग्णाच्या घरातून सुरुवात करते. सख्खी भावंडं आणि मुलं यांना धोका इतरांपेक्षा कितीतरी पट. आजच्या घरात मोठा भाऊ रुग्ण, धाकटा ओट्यावर खर्रा घोटत बसलेला. "मले चांगलं दिसते, मोबाइल वाचतो मी." टॉर्च, बोटांची तपासणी, मग पुढच्या बाजाराच्या दिवशी प्रेशरला ये म्हणून आशाताईंच्या वहीत नाव. येईल की नाही हे आशाताईंच्या चिकाटीवर आहे, माझ्या बोलण्यावर नाही.

दुसरं घर एकट्या राहणाऱ्या बाईचं. हाताची बोटं सांधेदुखीने वाकडी, बाटली दाबवत नाही. तिला मी मिटल्या डोळ्याची रीत शिकवली: आडवं पडायचं, डोळा मिटायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब पडू द्यायचा आणि मग डोळा उघडायचा, थेंब आपोआप आत उतरतो. दाबायचं काम शेजारची नववीतली मुलगी करेल असं ठरलं. तिला शाळेत जाताना-येताना वेळ आहे आणि ती माझ्याहून कडक आहे.

या घरात फ्रीज नाही. लॅटानोप्रोस्टची बंद बाटली थंडीत, दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, उघडलेली पंचविसाच्या आत. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत पंचवीस कुठून आणणार? मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली, वर ओलं फडकं, सावलीत. फ्रीजइतकं थंड होत नाही, पण खोलीपेक्षा बरंच. म्हणून अशा घरी एका वेळी एकच बाटली घ्या, साठा करू नका, असं सांगते. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी दारातल्या कप्प्यात ठेवावी, बर्फात नाही. गार थेंबाचा एक फायदा असतो: तो डोळ्यात पडला की गालावर, हे लगेच कळतं.

साडेचार

परत ओपीडी. चिठ्ठ्या लिहिणं. सेवाग्रामला पाठवायचं म्हणजे कस्तुरबा रुग्णालय, जिथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, ग्रामीण भागासाठी म्हणूनच. आर्वीकडच्या माणसाला एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. म्हणून एकही फेरी वाया जाऊ नये: जुने सगळे कागद एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे, चालू असलेल्या बाटल्या बरोबर, आणि त्या दिवशीचे थेंब न चुकवता टाकून जायचं. पुष्कळ जण तपासणी आहे म्हणून थेंब बंद ठेवून जातात. मग डॉक्टरांना औषध लागू पडतं की नाही हेच कळत नाही आणि दुसरी बाटली वाढते.

काहींना थेंबांनी भागत नाही, लेझर किंवा ऑपरेशन लागतं. त्यांना मी आधीच सांगते की हे ऑपरेशन मोतीबिंदूसारखं नजर वाढवायचं नाही. कागदांच्या पिशवीवर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहूनच देते, कारण घरचे विचारतात तेव्हा रुग्णाला सांगता येत नाही.

रात्री नऊ

रात्रीच्या थेंबाची वेळ. मी रोज फोन करत नाही, नव्यांनाच, पहिला महिना. अमेरिकेत २००९ साली आलेल्या एका अभ्यासात औषध फुकट दिलं होतं, बाटलीला नोंद ठेवणारं यंत्र लावलं होतं आणि रुग्णांना ते माहीतही होतं. तरी जवळपास निम्म्यांनी पाऊण हिश्शापेक्षा कमी थेंब टाकले. त्यामुळे आमच्याकडच्या लोकांना आळशी, अडाणी म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, हा आकडा सांगते. न दुखणाऱ्या आजाराचं औषध माणूस विसरतो, फ्रीज असो वा मडकं.

काकांचा मुलगा फोनवर आला. "बाबांनी आज खाटेवर पडून टाकला. एकच." बरं, म्हटलं. महिनाभराने प्रेशर पाहू.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. वय चाळिशीपुढे असेल तर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा "प्रेशर आणि नसही बघा" असं स्वतःहून म्हणा. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर वाट पाहू नका, या महिन्यातच जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. तपासणीला फार वेळ लागत नाही आणि ती दुखत नाही.